इंग्लंडमध्ये फरसबी कधी लावावी?

प्रश्न: आम्ही लीड्सजवळ राहतो. एप्रिलच्या आरंभी वाफ्यात टोकलेल्या फरसबीच्या बिया काल उकरून पाहिल्या, तर त्या कुजून लिबलिबीत झाल्या होत्या. आता पुन्हा कधी पेरावे?

उत्तर १: माती सुमारे १२ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय हे बी नीट रुजत नाही, म्हणून एप्रिलअखेरीस घरातच कुंड्यांमध्ये ५ सेंटिमीटर खोल पेरावे आणि रोपे मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी, रात्री दव गोठण्याची भीती सरल्यावरच बाहेर लावावीत.

उत्तर २: त्याआधी आठवडाभर रोपे दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवावीत. मी एकदा हा कंटाळा केला आणि एका रात्रीत सगळी पाने काळी पडली.

उत्तर ३: वाटाण्याला थंडी मानवते, फरसबीला नाही, दोन्ही एकाच दिवशी पेरण्याची चूक मीही केली आहे.