मदत हवी आहे: लेझरने पाण्यातला ध्वनिदाब मोजताना संवेदनक्षमता टिकत नाही

मायकेलसन मांडणी (किरण दोन भुजांत विभागून पुन्हा एकत्र आणायचा), हीलियम-निऑन लेझर (६३२.८ नॅनोमीटर), एका भुजेत ३० सेंमी पाणी. १० किलोहर्ट्झची लाट किरणाला आडवी जाते. खरी अडचण तापमानाची आहे: दाब १०० पास्कलने बदलला तर फ्रिंज (एकत्र आलेल्या किरणांचा उजेड-अंधाराचा पट्टा) सत्तरावा हिस्साच सरकते, पाणी ०.०१ अंशाने तापलं की जवळजवळ अख्खी! टाकीला थर्माकोल लावला, खाली रबर घातलं, फोटोडायोडच्या (प्रकाश मोजणाऱ्या घटकाच्या) सिग्नलवर मंद बदल अडवणारा हाय-पास फिल्टर बसवला. मंद सरकणं गाळलं जातं, पण फ्रिंजच्या माथ्यावर (सर्वांत उजळ जागी) आलो की सिग्नल मरतो, उजेड-अंधारामधल्या उतारावर पुन्हा चांगला दिसतो. हेटेरोडाइनसाठी (दोन किरणांची वारंवारता किंचित वेगळी ठेवण्याच्या पद्धतीसाठी) लागणारा अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर बजेटमध्ये बसत नाही. मग संदर्भ आरसा (दुसऱ्या भुजेतला) पिझोवर, म्हणजे व्होल्टेजने किंचित सरकणाऱ्या स्फटिकावर, बसवून उतारावरच लॉक करावा, की वेव्हप्लेट (प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलणारी चकती) आणि दोन फोटोडायोड वापरून ९० अंशांच्या फरकाचे दोन सिग्नल घ्यावेत? कोणी पाण्यात प्रत्यक्ष करून पाहिलंय का?