जुन्या छोट्या डीव्हीडी लॅपटॉपवर कोऱ्या दिसतात, सल्ला हवाय

वेंगुर्लेकर_नाना: मंडळी, बाबांनी २००७ च्या जत्रेतला दशावतार हँडिकॅमवर घेतलेला, त्या ८ सेंमीच्या छोट्या डीव्हीडी-आर, एकेक अर्ध्या तासाची, म्हणजे रात्रभराच्या नाटकाला ढीगभर. आता विंडोज १० वर घातली की डिस्क रिकामी म्हणतो आणि वर विचारतो कशी वापरायचीय, पेनड्राइव्हसारखी की काय. बाजारातल्या दुकानदाराने बघून सांगितलं खराब झाल्यात फेका. पण खालून बघितलं की जळलेला, म्हणजे लिहिलेला, भाग रंगाने वेगळा कळतो, मग कोरी कशी? काय करूचा?

माडाखाली: फेकू नको रे! आणि त्या खिडकीत ओके अजिबात दाबू नकोस. डिस्क फायनलाइज, म्हणजे शेवटी कॅमेऱ्यातूनच पुरी करून बंद, केलेली नसणार. कॅमेरा शूटिंग लिहीत जातो पण फायनलाइज करेपर्यंत नेहमीच्या ड्राइव्हला वाचता येईल अशी फाइल सिस्टिम पुरी होत नाही, त्यामुळे विंडोज काय नि लिनक्स काय, दोघांनाही कोरीच दिसते. तो कॅमेरा आहे का अजून? असेल तर त्यातच फायनलाइज कर, सगळ्यात सोपं. मध्येच करंट गेला तर डिस्क कामातून जाईल, आपल्याकडे पावसात लाइटीचा काय भरवसा, तेव्हा बॅटरी पण चार्ज करून लावूनच ठेव. कॅमेरा नसेल तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर, ते अशा डिस्कमधून व्हिडिओ उपसून काढतं.

सोलकढी_प्लीज: +१. अजून एक, फटीतून आत ओढणारा ड्राइव्ह असेल तर त्यात ८ सेंमीची घालू नका, अडकते. ट्रेवाला घ्या, ट्रेमध्ये छोट्या डिस्कसाठी मधे खळगा असतो. आणि बुरशी असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. डिस्क वाचायला लागली की आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने अख्खी इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची जशीच्या तशी एका फाइलीत नक्कल, घ्या.

वेंगुर्लेकर_नाना: कॅमेरा माळ्यावर असेल, शोधतो. दुसरं, एका सीडीवर फाइलींची नावं सगळी कॅपिटल नि आठ अक्षरी आहेत, ती पण खराब का? आणि मुंबईच्या काकांना डीव्हीडीच हवीय, त्यांच्याकडे अजून विंडोज एक्सपी.

माडाखाली: नाही, ती नुसत्या आयएसओ ९६६० मध्ये जाळलीय, डिस्कवर फाइली कशा मांडायच्या त्याचं १९८८ चं स्टँडर्ड, त्याच्या पहिल्या लेव्हलला नाव ८ अक्षरं नि एक्स्टेंशन ३. लांब नावांसाठी विंडोजचं जोलिएट नि युनिक्सचं रॉक रिज नंतर आलं. तुझ्या सीडीवर लांब नावं लिहिलीच नाहीत तर ती कुठलीच सिस्टिम दाखवणार नाही, कॉपी करून हाताने बदल. काकांसाठी आयएसओ अधिक जोलिएट घे. यूडीएफ, ही डिस्कची दुसरी फाइल सिस्टिम, एक्सपी वाचतो पण आवृत्ती २.०१ पर्यंतच, २.५० दिलंस की काका फोन करणार. फक्त एकच फाइल ४ जीबीच्या वर असेल तर मात्र यूडीएफ १.०२. टीव्हीखालच्या प्लेअरवर लावायची असेल तर डीव्हीडी-व्हिडिओच, म्हणजे सिनेमाच्या डीव्हीडीसारखी, बनव, नुसती फाइल टाकून काय उपयोग नाही.

वेंगुर्लेकर_नाना: कॅमेरा सापडला, चार्जर शेजाऱ्यांकडचा चालला. पहिली डिस्क फायनलाइज झाली, लगेच उघडली! फक्त संकासुर येतो तिथेच डिस्क संपलीय, बाबा दुसरी घालेपर्यंत निम्मा निघून गेला. आई म्हणते त्या रात्री पण ह्यावरूनच भांडण झालेलं.


सोलकढी_प्लीज: इमेज घेतली का पण?