यान मातेइको: चित्रकार मोठा, पण शिक्षक म्हणून?

कोरा कागद
गेल्या महिन्यात पोलंडमधल्या क्राकोवला पोलिश चित्रकार यान मातेइकोचं (१८३८–१८९३) घर पाहून आलो. फ्लोरियान्स्का रस्त्यावरच्या याच घरात तो जन्मला आणि इथेच गेला. त्याने जमवलेली चिलखतं, जुने पोशाख, हत्यारं बघताना वाटलं, हा माणूस स्वतःच्या काळात फारसा राहतच नव्हता.

चित्रकार म्हणून त्याच्या थोरवीबद्दल माझा वाद नाही. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतलेला, नकाशावर देशच नाही, अशा वेळी त्याने तो कॅनव्हासवर उभा केला. 'ग्रुनवाल्डची लढाई' (१८७८), जर्मन सरदारांच्या पराभवाचं चित्र, जवळजवळ दहा मीटर रुंद आहे. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात ती शोधण्यासाठी बक्षीस लावलं होतं, आणि पोलिश लोकांनी ती लुब्लिनजवळ जमिनीत पुरून वाचवली. चित्राला एवढं जपणारे लोक मी दुसरे पाहिले नाहीत.

पण १८७३ पासून मरेपर्यंत, वीस वर्षं, तो क्राकोवच्या कलाशाळेचा संचालक होता. तिकडे पॅरिसमध्ये चित्रकार उन्हात जाऊन रंगवत होते, इकडे मुलांसमोर राजे, सरदार आणि झगे. त्याच्या वळणाचा, त्याच्या तोडीचा एकही इतिहासचित्रकार त्याच्या हाताखालून निघाला नाही. त्याचे विद्यार्थी माल्चेव्स्की, विस्पियान्स्की, मेहोफर मोठे झाले ते त्याची वाट सोडून. तो गेल्यावर दोन वर्षांत चित्रकार यूलियन फावात संचालक झाला आणि त्याने शाळेची दिशाच बदलली, मुलांना निसर्गात नेलं. जी शिकवण दोन वर्षं टिकत नाही, ती अपयशीच म्हणायची.

पेन्सिल
अजिबात पटलं नाही. मी सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते, इंटरमिजिएटला मुलं बसवते. ज्या वर्गातली सगळी चित्रं सरांच्या चित्रांसारखी दिसतात, तिथे काहीतरी चुकलंय हे मी लांबून ओळखते. शिष्य गुरूसारखा झाला नाही, हा दोष कधीपासून झाला?

विस्पियान्स्की आणि मेहोफरचंच घ्या. मातेइकोने क्राकोवच्या मारिया चर्चच्या भिंती रंगवायचं काम हाती घेतलं, १८८९ साली, आणि या दोघांना सोबत घेतलं. दोघंही वीस वर्षांचे! त्याच चर्चच्या रंगीत काचांची रेखाटनंही त्यांनी केली. पुढे विस्पियान्स्कीने फ्रान्सिस्कन चर्च रंगवलं, मेहोफरने स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गच्या कॅथेड्रलच्या काचा केल्या. भिंत आणि काच त्यांच्या हाती कुणी दिली? वीस वर्षांच्या मुलांना शहरातल्या सगळ्यात मानाच्या चर्चच्या भिंतीसमोर उभं करायला छाती लागते.

कोरा कागद
ताई, भिंतीचं मान्य. पण माझा रोख विषयाच्या दडपणावर आहे. १८८० च्या दशकात वॉर्सात कलासमीक्षक स्तानिस्वाव विटकेविच हेच पोटतिडकीने लिहीत होता. बिचिनाच्या लढाईतला सेनापती झामोय्स्की रंगवा की शेतात सलगम काढणारी काश्का, चित्राची किंमत विषयावर नाही, रंगवण्यावर ठरते. झामोय्स्कीचं ते चित्र मातेइकोचं, म्हणजे बाण कुठे होता ते उघड आहे. शाळेचा प्रमुखच विषयाला देव मानत असेल तर काश्का रंगवू पाहणाऱ्या मुलाने जायचं कुठे?

वळिवडेकर
माझं आजोळ कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, आणि त्यांच्या स्वतःच्या शाळा. देश हातातून गेलेली माणसं मुलांना काय शिकवायचं हे कसं ठरवतात, हा प्रश्न मला म्हणूनच जवळचा वाटतो. विटकेविचचं म्हणणं चित्रकलेपुरतं बरोबर असेल. पण मातेइको निव्वळ राजांचे गोडवे गात नव्हता. 'रेयतान' (१८६६) बघा. १७७३ ची संसद, पहिल्या फाळणीला मान्यता द्यायला निघालेले उमराव, आणि त्यांना अडवायला दारात आडवा पडलेला एकटा रेयतान. आपल्याच पूर्वजांची गद्दारी अशी उघडी टाकल्याबद्दल त्याच्यावर केवढा राग निघाला! आणि चित्र विकत घेतलं कुणी? ऑस्ट्रियाच्या सम्राटाने, वाटून घेणाऱ्या तिघांपैकी एकाने. त्या गोष्टीने मी अजून अस्वस्थ होतो.

आणि वाट सोडली म्हणता, तर विस्पियान्स्कीचं 'वेसेले' (१९०१) नाटक आठवा. लग्नघरात रात्री पत्रकारासमोर जुन्या राजदरबारातला विदूषक स्तांचिक येऊन उभा राहतो. स्तांचिकला तो विचारात बुडालेला, खिन्न चेहरा १८६२ मध्ये मातेइकोने दिला. त्याच नाटकात दंतकथेतला भविष्यवेत्ता वेर्नीहोरा येतो, तोही मातेइकोने रंगवलेला, आणि लग्नघराच्या भिंतीवर मातेइकोच्या चित्रांच्या छापील प्रती असाव्यात असं विस्पियान्स्कीनेच लिहून ठेवलंय. एवढं घेऊन गेलेल्या माणसाने वाट सोडली असं कसं म्हणायचं?

सावली
तुम्ही सगळे आत बसलेल्यांबद्दल बोलताय. ज्यांना दारच उघडलं नाही त्यांचं काय? चित्रकार ओल्गा बोझनान्स्का क्राकोवचीच, १८६५ चा जन्म. मुलींना त्या शाळेत प्रवेश नव्हता, म्हणून खासगी शिकवण्या आणि मग म्युनिक. मुलींसाठी दार उघडायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. तेव्हाची रीतच तशी होती हे उत्तर मला माहीत आहे, पण वीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी त्यातून पूर्ण मोकळं सोडणार नाही.

आणि माउरित्सी गॉटलिब. 'रेयतान'ने भारावून मातेइकोकडे आलेला ज्यू मुलगा. स्वतःला पोलिश उमरावाच्या वेशात रंगवणारा. सहाध्यायांच्या ज्यूद्वेषामुळे वर्षभरात शाळा सोडून गेला. मातेइकोला त्याच्याबद्दल आस्था होती, १८७९ मध्ये तो क्राकोवला परतलाही, पण त्याच वर्षी तेविसाव्या वर्षी गेला. वर्गातल्या मुलांमध्ये काय चाललंय हे बघणं शिक्षकाचं काम नाही का?

पेन्सिल
सावली, गॉटलिबबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. वर्गात असं घडतं तेव्हा शिक्षकाला उशिरा कळतं, आणि उशिरा कळणं हाही अपराधच, हे मी स्वतः सोसलंय.

कोरा कागद, तुमच्या फावातबद्दल मात्र एक राहिलं. त्याने शिकवायला बोलावलेल्यांत माल्चेव्स्की आणि विचुकोव्स्की होते, दोघंही मातेइकोचे विद्यार्थी. माल्चेव्स्कीला या शाळेत घाला म्हणून त्याच्या वडिलांना सांगणाराही मातेइकोच.

कोरा कागद
'अपयशी' हा शब्द मागे घेतो, तो घाईत लिहिला. पण माल्चेव्स्की १८७६ मध्ये शाळा सोडून पॅरिसला गेला होता, आणि फावातने त्याला बोलावलं ते त्यानंतरच्या वीस वर्षांत त्याने स्वतः जे कमावलं त्यासाठी. त्याचं श्रेय मी मातेइकोला देणार नाही.