मानापमाननंतर गोविंदराव टेंबे कुठे गेले?

पार्लेकर: काल पार्ल्यात नाट्यगीतं ऐकली, अजून कानात घुमतायत. मानापमान या संगीत नाटकाच्या चाली टेंब्यांच्या एवढंच माहितीये, पुढे काय केलं त्यांनी?

गिरगावकर: अहो बरंच! १९११ला मानापमान आलं, १९१३ला बालगंधर्व नि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, पण तिथे फार रमले नाहीत, मग स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली आणि १९३२च्या अयोध्येचा राजा या चित्रपटात तर संगीतही त्यांचं नि हरिश्चंद्रही तेच.

पेटीवाली: मुळात ते पेटीवादक हो. मी पेटी शिकते, मानापमानातली एकच हरकत (सुरांची छोटीशी वळणदार जागा) काल तासभर घोटली तरी बोटं अडखळतायत. ठुमरी-दादरा या उपशास्त्रीय गाण्यांचा तो पूरबी (बनारसकडचा) ढंग नाट्यगीतात काय सुंदर बसवलाय त्यांनी!

पार्लेकर: वा, आजच अयोध्येचा राजा शोधतो.