टिनाचं घर अन् वादळाचा इशारा: माणसं न्यायची कुठं?

वावरवाली, दारव्हा तालुका
आमचं घर वावराला लागून, मातीच्या भिंतींचं, वर टिनं. नागपूरच्या हवामान केंद्राचा ऑरेंज अलर्ट आला की पोटात गोळा येतो. सासूबाईंना गुडघ्यामुळे चालवत नाही, दोन लेकरं लहान, गोठ्यात बैलजोडी अन् गाभण गाय. मागच्या वैशाखात ओसरीचं टिन आधी कडेनं फडफडलं, मग हुकासकट उपटलं अन् कुटाराच्या ढिगात जाऊन रुतलं. मामाजी म्हणतात, टिनावर आणखी धोंडे ठेवू. मला त्याचीच जास्त भीती वाटते. काय करावं?

जुना गवंडी, आर्णी
ताई, धोंडे आजच उतरवा. वारा टिनाले खालून उचलते. टिन उचललं का धोंडा सरळ खाटेवर येते. गंजलेले हुक अन् रबरी वायसर बदला, कडेला अन् कोपऱ्यात हुक जवळजवळ टाका, तिथंच वाऱ्याची ओढ जास्त असते. पण नुसतं टिन पक्कं करून भागत नाही. बल्ल्या भिंतीले जाड तारेनं आवळा, नाही तर बल्लीसकट सारं छप्पर जाते. वारा सुटला का दारं-खिडक्या लावून घ्या. आत शिरलेला वारा छपराले खालून रेटते.

मास्तर, अकोला जिल्हा
गवंडीभाऊंचं बरोबर आहे. तरी वादळात टिनाखाली थांबूच नये, असं माझं ठाम मत आहे. ९ एप्रिल २०२३ ला आमच्या जिल्ह्यात पारसला मंदिराच्या टिनशेडखाली लोक वादळात आसऱ्याला थांबले होते. जुना कडुनिंब शेडवर कोसळला, ७ जण गेले. आसरा पाहताना वरचं छत पाहा, तसं बाजूचं झाडही पाहा.

अमेरिकेत टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या जोरदार चक्री वाऱ्याचा, इशारा आला की लोक तळघरात जातात, ते नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत. आपल्याकडे टोर्नेडो क्वचितच, पण जागा निवडायची रीत हीच: स्लॅबचं घर, आतली भिंत, काचेपासून लांब. उन्हात वावरातून फिरणारी वावटळ वेगळी, ती थोड्या वेळात विरते. उकाड्यात एकदम गार वारा लागला अन् धुळीची भिंत चालून येताना दिसली, की समजा फार वेळ उरला नाही.

फोनमध्ये दामिनी ॲप ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, जवळपास वीज पडत असली की सांगतं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तरी बाहेर पडू नका.

गोपालक, पुसद
ढोरं झाडाखाली किंवा तारकुंपणाजवळ बांधू नका. दाव्याची गाठ अशी मारा की एका ओढीत सुटेल. गोठा पडायला लागला तर सोडून द्या, ती आपली वाट काढतात. अन् एक कळकळीनं सांगतो, वारा सुरू झाल्यावर ढोरांसाठी कुणी बाहेर धावू नका. तुटलेली विजेची तार ओल्या मातीत दिसत नाही.

वावरवाली
सगळ्यांचे आभार. मामाजींना पारसचं वाचून दाखवलं, ते स्वतःच शिडी लावून धोंडे उतरवताहेत. अलर्ट असला की वाऱ्याची वाट न पाहता दुपारीच सासूबाईंना बंडीत बसवून जाऊबाईंच्या घरकुलात नेऊ. तिथं स्लॅब आहे, झाड लांब आहे. वस्तीवर टिनाची घरं बरीच आहेत, सगळे काही त्या दोन खोल्यांत मावणार नाहीत. शाळेची इमारत स्लॅबची आहे, पण सुट्टीत कुलूप असतं. सरपंचताईंना उद्या भेटते, एक किल्ली वस्तीवरच कुणाकडे तरी राहू द्या म्हणून.