येशू देव आहे, तर गेथशेमानेत त्यानं प्रार्थना कुणाला केली?

नंदगडची लेक

नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी आणि कोंकणी, बाजारात कन्नड. प्रश्न माझा आहे, पण विचारला शेजारच्या मावशींनी. त्या माळकरी, पंढरपूर चुकवत नाहीत.

रोप लावणीच्या दिवसांत पाऊस वाढला म्हणून आम्ही लवकर घरी आलो. मावशी ओल्या अंगानं आमच्या पडवीत चहाला बसल्या. समोर भिंतीवर जुनं चित्र आहे, येशू मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत खडकावर हात टेकून गुडघ्यावर बसलाय. मावशी म्हणाल्या, "ह्यो कुणापुढं गुडघं टेकलाय?" मी म्हटलं, बापापुढं. "मग ह्यो देव न्हवं?" म्हटलं, हाय की. "देव देवाला हात जोडतोय, तर थोरला कोण, जोडणारा का ऐकणारा?" टोचून विचारलं नाही, अगदी मनापासून विचारलं. मला उत्तर आलं नाही.

रात्री बायबलातलं शुभवर्तमान काढलं. योहान 10:30 मध्ये "मी आणि पिता एक आहोत". चार पानं पुढं, 14:28 मध्ये, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. दोन्ही एकाच तोंडचं. मार्क 13:32 मध्ये तर म्हणतो, शेवटाची ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही.

खरं कारण वेगळंच आहे. गेल्या वर्षी माझे वडील अकरा दिवस दवाखान्यात होते. मी बाहेरच्या बाकावर बसून तीच बागेतली प्रार्थना म्हणत होते, हा प्याला, म्हणजे हे मरण, दूर कर. बाबा गेले. तेव्हापासून मनात आहे की त्या रात्री येशू खरंच घाबरला होता का? देव असेल तर ती भीती दाखवायपुरती. आणि भीती खरी असेल, तर तो देव कसा?

टिळकवाडीकर

ताई, सोपं आहे. पाणी, बर्फ, वाफ. वस्तू एकच, रूपं तीन. पिता, पुत्र, पवित्र आत्मा तसेच. आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच शिकवलं होतं.

खानापूरचे मास्तर

आधी टिळकवाडीच्या भावाला सांगतो. हा दाखला मीही मुलांना बरीच वर्षं दिला आणि मग सोडला. एकच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ. त्या हिशेबानं एकच देव कधी पिता बनतो, कधी पुत्र. मग बागेत बोलणारा आणि ऐकणारा एकच, आणि प्रार्थना म्हणजे स्वतःशी पुटपुटणं. तिसऱ्या शतकात रोममध्ये सबेल्लियसच्या नावानं हीच शिकवण चालली आणि ख्रिस्ती मंडळीनं ती नाकारली. ताईंच्या चित्रातले ते टेकलेले गुडघे खरे आहेत. पुत्र पित्याशी बोलतोय, आणि पिता म्हणजे पुत्र नव्हे.

आता "एक आहोत". आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला हे पुणे-मुंबईवाल्यांपेक्षा लवकर कळेल. मराठीत "एक माणूस", "एक वस्तू", शब्द तोच. कन्नडमध्ये एक माणूस असेल तर ओब्ब, एक वस्तू असेल तर ओंदु. ग्रीकमध्येही असाच फरक आहे, आणि योहानानं तिथं "ओब्ब" नाही, "ओंदु" घातलाय. कन्नड बायबल उघडून बघा, "ओंदागिद्देवे" असंच आहे. म्हणजे एकच इसम नव्हे, पण जे काही देवपण आहे ते एकच, दोघांचं. ऐकणाऱ्यांना ते पुरेपूर कळलं होतं. पुढच्याच ओवीत, चुकलो, वचनात, ते दगड उचलतात, का तर तू माणूस असून स्वतःला देव करतोस.

मावशींचा "थोरला कोण" हा प्रश्न फार जुना आहे. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू हेच धरून बसला होता. तो म्हणायचा, पुत्र सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ, पण शेवटी निर्माण केलेला, तो नव्हता अशी एक वेळ होती. 325 साली निकीया इथं बिशपांची सभा भरली. तिनं ठरवलं की पुत्र घडवलेला नाही, पित्यापासून जन्मलेला आहे, पित्याच्याच सत्त्वाचा आहे. सुतार पाट घडवतो, तो पाट सुतार नसतो. सुताराला मुलगा होतो, तो माणूसच असतो, बापाइतकाच माणूस. आपल्याकडं बाप आधी आणि मुलगा नंतर, देवात ते आधी-नंतर नाही, एवढाच हा दाखला तोकडा. ठरावावर भांडण मिटलं मात्र नाही. हा ठराव जपण्यापायी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला, 17 वर्षं घराबाहेर राहिला.

मग "पिता थोर" का म्हटलं? जुन्या आचार्यांनी दोन उत्तरं दिली आणि मला दोन्ही पटतात. ग्रेगरी नाझियान्झस म्हणतो, पिता मूळ आहे, पुत्राकडं जे आहे ते सगळं पित्याकडून आलेलं आहे, म्हणून थोर. देवपणात उणंअधिक नाही. ऑगस्टीन म्हणतो, हे तो दासाचं रूप घेतलेला माणूस म्हणून बोलतोय, फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे तसं. ती घटका ठाऊक नसणंही पुष्कळांनी याच माणूसपणाकडं लावलं.

ताई, तुमच्या बाकावरच्या प्रश्नाला मात्र या दोघांच्या पुढं जावं लागतं. 451 साली खाल्केदोनच्या सभेनं सांगितलं, येशू पुरा देव आणि पुरा माणूस, मिसळ नाही, वाटणी नाही. तरी सातव्या शतकात सम्राटाच्या दरबाराला वाटलं, त्याच्यात इच्छा एकच मानावी, ती देवाची, म्हणजे वाद मिटेल. मॅक्सिमस नावाचा एक म्हातारा संन्यासी अडून बसला. त्याचा मोठा आधार तुमच्या भिंतीवरचंच चित्र, "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे कर". येशूला माणसाची खरी इच्छा नसेल तर हे "माझ्या" कुणाचं? मरण नको म्हणणारं मन माणसाचंच असतं, आणि ते पापही नाही. मॅक्सिमसची जीभ तोडली, उजवा हात तोडला, आणि 662 साली तो हद्दपारीतच मेला. 680-81 च्या सभेनं त्याचंच म्हणणं खरं धरलं.

तेव्हा ती भीती दाखवायपुरती नव्हती. देवाच्या पुत्रानं माणसाचं काळीज घेतलं, त्यात भीतीही घेतली, आणि त्या भीतीसकट "अब्बा", म्हणजे बाबा, म्हणाला. तुम्ही बाकावर जे म्हणत होता ते त्यानं तुमच्याआधी म्हटलं होतं. आणि प्याला त्याच्याही समोरून हलला नाही.

निपाणीचा वारकरी

मास्तर, राम राम. आम्ही याला अवतार म्हणतो. धर्मासाठी देव देह धरतो आणि काम झालं की ठेवतो. तुमचं तसंच ना?

खानापूरचे मास्तर

राम राम, माउली. देव खाली येतो, हे सारखं. पण येशूनं घेतलेला देह पुन्हा ठेवला नाही, अशी आमची श्रद्धा आहे. पुनरुत्थानानंतर थोमाला तो हातातल्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो आणि थोमा म्हणतो, "माझा प्रभू व माझा देव." तो आजही माणूस आहे, जखमांसकट. हे सगळं मराठीत सांगायला शब्द नाहीत असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीनं 1616 साली गोव्यात राशोलला ख्रिस्तपुराण छापलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आपल्याच छंदात. मघाशी वचनाला ओवी म्हणून गेलो ते त्यामुळंच.

नंदगडची लेक

मास्तर, उत्तर तीनदा वाचलं. बाबांच्या फोटोपुढं बसून एकदा मोठ्यानंही वाचलं.

काल मावशी भाताचं तण काढून परतताना आल्या. त्यांना ओब्ब आणि ओंदु सांगितलं. त्या नंदगडच्या बाजारात मिरची विकतात, कन्नड माझ्यापेक्षा चांगलं. लगेच म्हणाल्या, "म्हंजे दोघं, पण वेगळं न्हवं." मग तो मॅक्सिमसचा भाग सांगितला. मावशी काही बोलल्या नाहीत, उठून चित्राजवळ गेल्या. पदरानं काच पुसली. खाली झाडाच्या मुळाशी तीन शिष्य झोपलेले आहेत, ते काळोखात कधी दिसतच नाहीत.

"आणि ही त्येचीच माणसं व्हय?" म्हणाल्या. "असल्या वक्ताला झोपल्यात?"

मग परत येऊन माझ्याशेजारी बसल्या, आणि अंधार पडला तरी उठल्या नाहीत.