चोरिस आधी नको, डाळ शिजल्यावर घाला

चोरिस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालून वाटाण्याच्या डाळीचं सूप केलंत, तेव्हा ‘पाच शिट्ट्या होऊनही डाळ टचटचीत राहिली, डाळच जुनी असणार’ असं तुम्ही म्हटलंय. जुनी डाळ शिजत नाही हे खरंच, पण चोरिस सुरुवातीलाच कुकरमध्ये घातलंत ना, खरी गोम तिथे आहे. गोव्याच्या चोरिसात व्हिनेगर मुरलेलं असतं आणि आंबटात डाळीतलं पेक्टिन (दाणा घट्ट धरून ठेवणारा पदार्थ) नीट विरघळत नाही, म्हणून दाणा फुटत नाही. टोमॅटो किंवा कोकम आधी घातलं तरी हेच होतं. खायचा सोडा घालू नका, सूपला साबणासारखी चव येते.

१ वाटी डाळ तासभर भिजवा. ४ वाट्या पाणी, चिरलेला कांदा, गाजर, तमालपत्र आणि चमचाभर तेल घालून शिजवा. तेल हवंच, या डाळीला फेस फार येतो आणि तो शिट्टीत अडकतो. कुकर निम्म्याच्या वर भरू नका. तोवर चोरिसाच्या माळेतले ८-१० मणी सोलून मंद आचेवर त्यांच्याच चरबीत परता. लाल तेल सुटलं की सगळं घोटलेल्या डाळीत ओतून १० मिनिटं उकळा, तळापासून ढवळत. मीठ अगदी शेवटी, चाखून. चोरिस मुळातच खारट असतं.